क्वांटम उडी : एका इंग्रजी वाक्प्रचाराचा इतिहास

इंग्रजी वर्तमानपत्र उघडलें कीं, एखाद्या पानावर ‘क्वांटम लीप’ हे दोन शब्द हमखास आढळतात. एखाद्या देशाची निर्यात वाढली, एखाद्या रुग्णालयांत नवें यंत्र आलें, एखाद्या संघानें खेळांत मोठी मजल मारली, कीं लिहिणारा लगेच म्हणतो, ही क्वांटम लीप आहे. त्याला सांगावयाचें असतें तें एवढेंच कीं, प्रगति फार मोठी झाली आणि ती एकाएकीं झाली. अलीकडे मराठी लेखांतूनही ‘क्वांटम झेप’ असा जोडशब्द कधीं कधीं दिसतो. वास्तविक आपल्या भाषेंत या अर्थाच्या शब्दांची वाण नाहीं. गरुडझेप आहे, हनुमानउडी आहे, कायापालट आहे. ‘रातोरात’ म्हणून एक सुटसुटीत शब्दही आहे. तरीसुद्धां परभाषेंतला हा पाहुणा घरांत शिरला आहे, आणि तो कोणत्या कुळांतला हें विचारून घेणें यजमानाचें कामच आहे.

विचारूं लागलें म्हणजे प्रथमच एक नवल दिसतें. ज्या शास्त्रांतून हा शब्द आला त्या पदार्थविज्ञानांत क्वांटम उडी ही मोठी तर नव्हेच, उलट ती निसर्गांतील अत्यंत लहान घटनांपैकीं एक आहे. हायड्रोजनच्या एका अणूंत इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर येतो आणि तांबड्या प्रकाशाचा एक कण बाहेर पडतो, ही अशी एक उडी. हिच्यांतून किती शक्ति निघते? एक ग्रॅम वजनाचा जिन्नस जमिनीपासून केवळ एक सेंटिमीटर वर उचलावयाचा असेल, तर अशा सुमारें तीन कोटी गुणिलें एक कोटी इतक्या उड्यांची शक्ति एकत्र करावी लागेल. आपण ज्या शब्दानें एखाद्या राष्ट्राच्या भरभराटीचें वर्णन करतों, त्या शब्दाचें मूळचें माप हें असें आहे.

मग एवढ्या सूक्ष्म गोष्टीचें नांव मोठेपणाला कसें मिळालें? आणि ज्या शोधामुळें हा शब्द जन्मास आला, तो शोध तरी खरोखर एका उडींत लागला काय? या दोन प्रश्नांचीं उत्तरें शोधीत आज आपण सुमारें सव्वाशें वर्षांचा इतिहास चाळूं.

‘क्वांटम’ हा शब्द लॅटिन आहे. त्याचा मूळ अर्थ ‘किती’ एवढाच. कचेऱ्यांत आणि न्यायालयांत नुकसानभरपाईचें क्वांटम ठरवितात, तेव्हां तो या जुन्या अर्थानेंच वापरलेला असतो : भरपाई द्यावयाची खरी, पण किती? शास्त्रज्ञांनीं तो घेतला तो ‘ठराविक लहानांत लहान माप’ या अर्थानें. मराठी शास्त्रग्रंथांत त्याला ‘पुंज’ म्हणतात. बाजारांतील उदाहरण घेतलें तर, ज्या गांवांत पैशाहून लहान नाणें चालत नाहीं, त्या गांवांत एक पैसा देतां येतो, दोन पैसे देतां येतात, पण दीड पैसा देतां येत नाहीं. तो पैसा म्हणजे त्या बाजाराचें क्वांटम.

निसर्गाच्या व्यवहारांतही असें लहानांत लहान नाणें असेल, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोणास सहसा मानवली नसती. ‘निसर्ग उड्या मारीत नाहीं’ अशा अर्थाचें एक लॅटिन वचन युरोपांत पिढ्यान्‌पिढ्या प्रमाण मानलें जात होतें. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ यांनीं या तत्त्वाचा पुरस्कार केला; स्वीडनचे लिनीयस यांनीं १७५१ सालच्या आपल्या वनस्पतिशास्त्रावरील ग्रंथांत तें सांगितलें; आणि १८५९ सालीं डार्विन यांनीं जीवजातींच्या उत्पत्तीविषयींचा आपला ग्रंथ लिहिला तेव्हां त्यांनींही त्याचाच आधार घेतला. हा ग्रंथ प्रसिद्ध होण्याच्या आदल्या दिवशीं त्यांचे मित्र हक्स्ली यांनीं पत्र लिहून, हें ओझें आपण विनाकारण डोक्यावर घेतलें आहे, असें त्यांस कळविलें होतें. पण एकंदर विद्वानांचा कौल त्या वचनाच्याच बाजूचा होता. आणि त्यांत आश्चर्य तें काय? आंबा हळूहळू पिकतो, मूल हळूहळू वाढतें, अंगणांतील सावली हळूहळू सरकते. डोळ्यांना जें दिसतें तें सलग दिसतें.

या सलगपणाला पहिला तडा कोठें गेला, हें सांगावयाचें तर मला बर्लिन किंवा केंब्रिजच्या आधीं स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरीं, तेथील मुलींच्या एका माध्यमिक शाळेंत जावें लागेल. त्या शाळेंत योहान याकोब बाल्मर नांवाचे गणिताचे शिक्षक होते. त्यांचा जन्म १८२५ चा. पदार्थविज्ञानांत त्यांनीं तोंपर्यंत कांहींही संशोधन केलेलें नव्हतें. बाझेलच्या विद्यापीठांतही ते अधूनमधून व्याख्यानें देत. पण त्यांची खरी चाकरी शाळेंतली, आणि ती त्यांनीं जवळजवळ चाळीस वर्षें केली. आंकड्यांत दडलेला मेळ शोधून काढण्याचा त्यांना छंद होता.

त्या काळीं हायड्रोजन वायु तापवून त्याचा प्रकाश लोलकांतून पाहिला असतां इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा दिसत नाहीं, तर काळोखांत वेगवेगळ्या रंगांच्या चार रेषा दिसतात, हें ठाऊक झालेलें होतें. स्वीडनचे शास्त्रज्ञ आंग्स्ट्रॉम यांनीं त्या रेषांच्या प्रकाशलहरींची लांबी फार काळजीपूर्वक मोजली होती. एका सेंटिमीटरचे दहा कोटी भाग केले तर त्यांतील एक भाग हें त्यांचें माप. त्या मापानें चार लांब्या सुमारें अशा येतात : ६५६२, ४८६१, ४३४० आणि ४१०१. मोजमाप उत्तम होतें. पण याच चार रेषा कां, मधल्या कां नाहींत, याचें उत्तर कोणाजवळ नव्हतें. निरनिराळ्या देशांतील विद्वानांनीं त्या आंकड्यांशीं झटापट करून पाहिली होती.

बाल्मर यांनीं काय केलें पहा. ३६४५.६ हा एक आंकडा त्यांनीं हेरला. त्याला नऊ-पंचमांशानें गुणिलें कीं पहिली रेषा येते. चार-तृतीयांशानें गुणिलें कीं दुसरी. पंचवीस-एकविसांशानें तिसरी आणि नऊ-अष्टमांशानें चौथी. इथवर कोणीही चिकाटीचा गणिती आला असता. पण हे चार अपूर्णांक एकमेकांचे कोणी लागत नाहींत असें दिसतें. बाल्मर यांनीं दुसऱ्या आणि चौथ्या अपूर्णांकाच्या अंशास व छेदास चारांनीं गुणिलें. आतां अपूर्णांक असे झाले : नऊ छेद पांच, सोळा छेद बारा, पंचवीस छेद एकवीस, छत्तीस छेद बत्तीस. अंशस्थानीं तीन, चार, पांच, सहा यांचे वर्ग, आणि छेदस्थानीं तेच वर्ग चारांनीं वजा केलेले. आणि चार म्हणजे दोनांचा वर्ग! इयत्ता पांचवीच्या मुलाला जी अपूर्णांकाची युक्ति आपण शिकवितों, तिनें युरोपांतील प्रयोगशाळांना न सुटलेलें कोडें सुटलें. बाझेल येथील प्राध्यापक हागेनबाख यांनीं त्यांना सांगितलें कीं, डोळ्यांना न दिसणाऱ्या जांभळ्यापलीकडील भागांतही हायड्रोजनच्या आणखी रेषा सांपडल्या आहेत. इंग्लंडचे हगिन्स यांनीं त्या पांढऱ्या ताऱ्यांच्या प्रकाशांत मोजल्या होत्या. बाल्मर यांचें सूत्र त्यांनाही लागूं पडलें. १८८५ सालीं त्यांचा निबंध छापला गेला. तेव्हां त्यांचें वय साठ होतें.

त्या सूत्राचा अर्थ मात्र कोणालाच कळला नाहीं. तीन, चार, पांच, सहा हे पूर्णांक तेथें कां आले, साडेतीन कां आला नाहीं, हें एक गूढच राहिलें. १८९८ सालीं बाल्मर वारले. आपण निसर्गाच्या जिन्याच्या पायऱ्या मोजल्या आहेत, हें त्यांना कधींही समजलें नाहीं.

आतां बर्लिनकडे वळूं. लोहाराच्या भट्टींतील लोखंड पाहिलेल्या माणसास ठाऊक असतें कीं, तें आधीं काळसर तांबडें होतें, मग नारिंगी, मग पिवळें, आणि शेवटीं जवळजवळ पांढरें. किती उष्णतेस कोणत्या रंगाचा प्रकाश किती प्रमाणांत निघतो, हा प्रश्न त्या वेळीं केवळ पंडिती कुतूहलाचा राहिला नव्हता. विजेचे दिवे नुकतेच रस्त्यांवर आले होते. ग्यासचा दिवा चांगला कीं विजेचा, आणि कोणता किती प्रकाश देतो, हें ठरविण्यासाठीं कारखानदारांना पक्कें माप हवें होतें. १८८७ सालीं बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्ग येथें मापनशास्त्राची एक मोठी सरकारी संस्था स्थापन झाली. तिच्यासाठीं कारखानदार सीमेन्स यांनीं जागा दिली आणि हेल्महोल्ट्झ हे तिचे पहिले अध्यक्ष झाले. तेथें लुमर, प्रिंग्सहाइम, रूबेन्स, कुर्लबाउम हे प्रयोगकर्ते तापलेल्या पोकळींतून निघणारा प्रकाश वर्षानुवर्षें मोजीत होते.

त्याच शहरांतील विद्यापीठांत माक्स प्लांक हे प्राध्यापक होते. स्वभावानें अत्यंत सनातनी, क्रांतीचा ज्यांना मनापासून कंटाळा, असा हा गृहस्थ. १८७४ सालीं वयाच्या सोळाव्या वर्षीं ते म्युनिकच्या प्राध्यापक योली यांच्याकडे सल्ला विचारावयास गेले होते, तेव्हां योली यांनीं त्यांस सांगितलें होतें कीं, या शास्त्रांत आतां शोधण्यासारखें फारसें उरलेलें नाहीं. तरी प्लांक यांनीं तेंच शास्त्र घेतलें. नवें कांहीं शोधण्याची त्यांना हांव नव्हती. जें आहे तें नीट समजावें एवढीच इच्छा होती.

७ ऑक्टोबर १९०० हा रविवार होता. दुपारीं रूबेन्स सपत्नीक प्लांक यांच्या घरीं आले. बोलतां बोलतां त्यांनीं आपल्या नव्या मोजमापांचा निकाल सांगितला. लांब लहरींच्या बाबतींत तोंपर्यंत प्रचलित असलेलें वीन यांचें सूत्र जुळत नव्हतें. पाहुणे गेल्यावर त्याच संध्याकाळीं प्लांक यांनीं एक नवें सूत्र बसविलें आणि तें पोस्टकार्डावर लिहून रूबेन्स यांस धाडलें. १९ ऑक्टोबरला तें जर्मन पदार्थविज्ञान परिषदेपुढें मांडण्यांत आलें. मोजमापांशीं तें हुबेहूब जुळलें. परंतु जुळलें म्हणजे समजलें असें नव्हे. तें कां जुळतें, हें शोधण्यासाठीं प्लांक यांनीं पुढील आठ आठवडे जिवापाड श्रम केले. अखेर १४ डिसेंबर १९०० रोजीं त्यांनीं सांगितलें कीं, शक्तीची देवघेव सलग धारेनें होते असें न मानतां ती ठराविक लहान नाण्यांनीं होते असें मानलें, तरच हें सूत्र सिद्ध होतें. पुढें १९३१ सालीं एका पत्रांत त्यांनीं आपल्या त्या कृतीचें वर्णन निव्वळ नाइलाजानें केलेलें कृत्य असें केलें आहे. त्या नाण्याचें माप ठरविणारी संख्या आज प्लांक यांच्याच नांवानें ओळखली जाते. ती आपल्या नेहमींच्या मापांत लिहावयाची तर दशांशचिन्हापुढें तेहतीस शून्यें मांडून मग सहाचा आंकडा काढावा लागतो.

श्रोतेहो, शास्त्राच्या इतिहासांतील ज्या दिवसाला क्वांटम युगाचा जन्मदिवस म्हणतात, तो हा असा. त्या दिवशीं सभागृहांतील कोणाच्याही पायाखालची जमीन हादरली नाहीं. स्वतः प्लांक पुढें कित्येक वर्षें या नव्या कल्पनेला जुन्या शास्त्राच्या चौकटींत बसविण्याची खटपट करीत राहिले. १९०५ सालीं बर्नच्या पेटंट कचेरींत नोकरी करणाऱ्या सव्वीस वर्षांच्या आइन्स्टाइन यांनीं, प्रकाश स्वतःच कणाकणांनीं चालतो, असें प्रतिपादन केलें, तेव्हां प्लांक यांनाही तें पचलें नाहीं. १९१३ सालीं प्रशियाच्या विद्वत्सभेंत आइन्स्टाइन यांस घ्यावें म्हणून जी शिफारस करण्यांत आली, तीवर प्लांक यांची सही होती. आणि त्या शिफारशींतच असें नमूद होतें कीं, प्रकाशकणांच्या बाबतींत या गृहस्थांचा नेम कदाचित् चुकला असेल, पण तेवढ्यानें त्यांस दोष देऊं नये. त्याच प्रकाशकणांच्या आधारें लावलेल्या नियमाबद्दल आइन्स्टाइन यांस पुढें १९२१ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

‘उडी’ ही कल्पना शास्त्रांत आली ती १९१३ मध्यें. डेन्मार्कचे नील्स बोर हे सत्तावीस वर्षांचे तरुण अणूच्या रचनेचा विचार करीत होते. मध्यभागीं जड केंद्र आणि भोंवतीं फिरणारे इलेक्ट्रॉन, असें चित्र त्यांचे गुरु रदरफोर्ड यांनीं दिलें होतें. पण जुन्या नियमांप्रमाणें असा अणु क्षणभरही टिकावयास नको होता. फेब्रुवारी महिन्यांत हान्सेन नांवाच्या सहकाऱ्यानें बोर यांस बाझेलच्या त्या शिक्षकाच्या सूत्राची आठवण करून दिली. बोर पुढें सांगत असत कीं, बाल्मर यांचें सूत्र पाहतांच मला सर्व कांहीं स्पष्ट झालें. इलेक्ट्रॉनला जिन्याप्रमाणें ठराविक पायऱ्याच आहेत. तिसऱ्या, चौथ्या, पांचव्या, सहाव्या पायरीवरून तो दुसऱ्या पायरीवर येतो, आणि त्या प्रत्येक उडीची एक रेषा दिसते. तीन, चार, पांच, सहा यांचे वर्ग आणि वजा केलेला दोनांचा वर्ग यांचा अर्थ अठ्ठावीस वर्षांनीं असा लागला. दोन पायऱ्यांच्या मध्यें उभें राहण्यास जागाच नाहीं, म्हणून साडेतीन हा आंकडा तेथें येत नाहीं.

मार्च १९१३ मध्यें बोर यांनीं आपला लेख रदरफोर्ड यांजकडे धाडला. उत्तरांत रदरफोर्ड यांनीं एक मार्मिक शंका काढली : कोणत्या पायरीवर जाऊन थांबावयाचें, हें इलेक्ट्रॉनला उडी मारण्यापूर्वींच कसें ठाऊक असतें? या शंकेनें पुढें कित्येक विद्वानांची झोंप उडविली. १९२६ च्या शरदृतूंत ऑस्ट्रियाचे श्रोडिंगर हे बोर यांच्या कोपनहेगन येथील घरीं पाहुणे म्हणून गेले होते. या उड्या त्यांना मुळींच मान्य नव्हत्या. निसर्ग लहरींनीं वाहतो, असा त्यांचा पक्ष. वाद सकाळीं सुरू होई तो रात्रीपर्यंत चाले. शेवटीं पाहुण्यांना ताप भरला. बोर यांच्या पत्नी मार्गरेथे त्यांची शुश्रूषा करीत, आणि बोर अंथरुणाच्या कडेला बसून, आपण अमुक तरी मान्य केलेंच पाहिजे, म्हणून आग्रह चालवीत. या उड्या कायमच राहणार असतील तर आपण या विषयांत पडलों याचाच पश्चात्ताप होतो, असे उद्गार श्रोडिंगर यांनीं वैतागून काढल्याचें हायझेनबर्ग यांनीं आपल्या आठवणींत नमूद केलें आहे. १९५२ सालींही श्रोडिंगर यांनीं ‘क्वांटम उड्या खरोखर आहेत काय?’ असा प्रश्न करणारा निबंध लिहिला.

या इतिहासांत आपल्या देशाचाही एक मानाचा पाट आहे. ढाका विद्यापीठांत शिकविणारे सत्येंद्रनाथ बोस यांस प्लांक यांच्या सूत्राची पुस्तकांतून दिलेली सिद्धता समाधानकारक वाटेना. त्यांनीं आपल्या पद्धतीनें ती नव्यानें रचली आणि ४ जून १९२४ रोजीं आइन्स्टाइन यांस पत्र लिहून तो निबंध पाठविला. आइन्स्टाइन यांनीं त्याचें स्वतः जर्मन भाषांतर करून तो छापविला. बर्लिनमध्यें जें सूत्र अगतिक होऊन मांडलें गेलें होतें, त्याला निर्दोष पाया मिळण्यास चोवीस वर्षें लागलीं.

आतां हा शब्द प्रयोगशाळेंतून बाजारांत कसा आला, तें पाहूं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अणुबॉम्बनें या शास्त्राचें सामर्थ्य साऱ्या जगास दाखविलें. त्यानंतर अणुशास्त्राच्या परिभाषेला एक प्रकारचें तेज चढलें. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील राजकारण, शस्त्रास्त्रें आणि अर्थकारण यांवर लिहिणाऱ्या मंडळींनीं ‘क्वांटम जंप’ आणि ‘क्वांटम लीप’ हे शब्द मोठ्या आणि आकस्मिक बदलासाठीं वापरावयास प्रारंभ केला. पुढें जाहिरातदारांनीं ते उचलले. १९८४ च्या जानेवारींत ब्रिटनमधील सिंक्लेअर कंपनीनें ‘क्यू. एल.’ नांवाचा संगणक जाहीर केला. तीं अक्षरें ‘क्वांटम लीप’ याच शब्दांचीं आद्याक्षरें होतीं. यंत्र पुरतें तयार होण्यापूर्वींच मागण्या घेण्यांत आल्या, माल उशीरा आणि सदोष पोंचला, आणि दोनएक वर्षांत तें यंत्र बनविणेंच बंद पडलें. शब्दांतली उडी मोठी, आणि पायांतलें बळ मात्र बेताचें, असा तो प्रकार झाला.

येथें कोणी म्हणेल, शब्दाचा अर्थ बदलतो, त्यांत एवढें काय? ‘तिलांजलि’ हा शब्द आपण एखादी संवय सोडण्यास लावतों, तेव्हां तीळ आणि पाणी कोणाच्या ध्यानांत असतात? हा आक्षेप खरा आहे. भाषा ही व्यवहाराची सखी आहे, शास्त्राची दासी नव्हे. तेव्हां क्वांटम उडी लहान असते, म्हणून ती मोठ्या गोष्टीस लावूं नका, असा शाळामास्तरी हट्ट मी धरीत नाहीं. माझी तक्रार निराळी आहे. हा शब्द वापरतांना आपण उडी तेवढी ठेवतों आणि जिना मोडून टाकतों.

उडी खरी असते, याचा पुरावाही आतां मिळाला आहे. १९८६ सालीं अमेरिकेंतील सीॲटल व बोल्डर आणि जर्मनींतील हँबुर्ग येथें शास्त्रज्ञांनीं एकेक विद्युद्भारित अणु स्वतंत्र कोंडून त्याच्यावर प्रकाश टाकला. तो अणु दिव्यासारखा एकाएकीं उजळे आणि एकाएकीं मालवे. बोर यांची उडी अशी जवळजवळ डोळ्यांसमोर दिसली. पण कथा तेथें संपली नाहीं. २०१९ च्या जून महिन्यांत अमेरिकेंतील येल विद्यापीठांतील मिनेव्ह, देव्होरे आणि त्यांचे सहकारी यांनीं मुद्दाम बनविलेल्या कृत्रिम अणूवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत असें आढळलें कीं, उडी केव्हां होणार हें फार आधीं सांगतां येत नसलें, तरी ती सुरू होण्यापूर्वीं एक बारीकशी सूचना मिळते. आणि एकदां सुरू झाली म्हणजे ती एका सलग मार्गानें पुढें सरकते. इतकेंच नव्हे, तर अर्ध्या वाटेवर ती त्यांना परतही फिरवितां आली. त्याच वर्षीं, २० मे २०१९ पासून, जगांतील किलोग्रॅमचें माप प्लांक यांच्या त्या चिमुकल्या संख्येवरून ठरूं लागलें. पॅरिसजवळ १८८९ पासून जपून ठेवलेल्या धातूच्या ठोकळ्याचा अधिकार संपला. आज वाण्याच्या तागडींतील वजन कायद्यानें त्या १९०० सालच्या ‘नाइलाजा’वर उभें आहे.

म्हणजे जी गोष्ट दुरून एका क्षणांत घडलेली दिसते, तिच्या मागें आंग्स्ट्रॉम यांचें मोजमाप असतें, बाल्मर यांचे अपूर्णांक असतात, शार्लोटेनबुर्ग येथील कंटाळवाणे तक्ते असतात. मीं मुलांना अनेक वर्षें वाचन शिकविलें आहे. मूल महिनोन्‌महिने अक्षरें गिरवितें, काना-मात्रा चुकवितें, शब्द तोडून तोडून वाचतें. आणि एके दिवशीं अख्खें वाक्य न अडखळतां वाचून टाकतें. घरचीं माणसें म्हणतात, एकदम वाचूं लागला! तें खोटें नसतें. वाचतां येणें आणि न येणें यांच्या दरम्यान कांहीं उंबरठा आहेच. पण तो दिवस महिनाभर अलीकडे ओढून आणतां येत नाहीं. पाया कच्चा असलेल्या मुलाकडून एका सहामाहींत साठाचे नव्वद गुण मागणारे पालक आणि तसें वचन देणारे जाहिरातदार यांना ‘क्वांटम लीप’ हा शब्द फार आवडतो, याचें कारण त्यांत मधल्या दिवसांचा हिशेब मागितला जात नाहीं. आणि त्या हिशेबाबरोबर माणसेंही गळतात. बोर यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे. मुलींच्या शाळेंत अपूर्णांक शिकविणाऱ्या बाल्मर यांचें नांव किती घरांत निघतें?

आपल्या जुन्या शब्दाकडे एकदां वळून पहा. हनुमानउडी म्हटली कीं आपल्याला समुद्र आठवतो. पण रामायणांतील कथा असें सांगते कीं, उडीपूर्वीं हनुमान एका बाजूस गप्प बसला होता. जांबवंतानें त्याला त्याच्या बळाची आठवण करून दिली. मग तो महेंद्र पर्वतावर चढला आणि त्या पर्वतावर पाय रोवून त्यानें उड्डाण केलें. जांबवंताचा शब्द आणि महेंद्राचा आधार या दोन्ही गोष्टी कथाकारानें गाळल्या नाहींत. उडी एवढी मोठी असूनही त्यानें पर्वताला त्याचें श्रेय दिलें.

म्हणून माझी सूचना एवढीच. प्रगति नुसती मोठी असेल, तर तिला गरुडझेप म्हणावें. आपला शब्द त्या कामाला पुरेसा आहे. ‘क्वांटम उडी’ हा शब्द वापरावयाचाच असेल, तर जेथें दोन पायऱ्यांच्या मध्यें उभें राहण्यास जागा नाहीं तेथें वापरावा : निरक्षर बाई आपली सही स्वतः करूं लागते, ज्या गांवांत दिवा नव्हता तेथें पहिला दिवा लागतो, अशा ठिकाणीं. त्या गोष्टी मापानें लहान असतील, पण त्यांच्या अलीकडचें आणि पलीकडचें जग एक नसतें. आणि असा शब्द उच्चारतांना, त्या बाईचा हात धरून अक्षरें गिरवून घेणारी कोण होती आणि त्या गांवापर्यंत खांब कोणीं रोवले, एवढें विचारण्यास विसरूं नये.